बुडालेल्या बेटाचा नकाशा

"बेट दिसणार तरी कधी?" बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा नावाड्याने वल्हं थांबवलं.

"बाई, आपण बेटावरच आहोत की."

बाईंनी वाकून पाहिलं. संथ, हिरवट पाणी आणि त्यात सावकाश सरकणारे ढग. बाकी काही नाही.

"चार वर्षं झाली. अर्धं पुरात गेलं, उरलेलं नदीने हळूहळू नेलं."

दोन देशांमधून वाहणाऱ्या नदीतलं हे बेट नेमकं कोणाचं, या एका वादावर बाईंनी एकोणतीस वर्षं संशोधन केलं होतं. आंतरराष्ट्रीय कायदा शिकवता शिकवता केस पांढरे झाले. विद्यापीठात सगळे त्यांना पाठीमागे 'बेटबाई' म्हणत. तह, नकाशे, निवाडे तोंडपाठ. बेट मात्र बघायचं राहूनच गेलं; त्यांच्या कागदांवर ते अजून जागच्या जागी होतं. निवृत्त झाल्यावर लेक हट्टाने घेऊन आली होती.

"माझे सगळे रविवार खाल्ले या बेटाने," लेकीला हसू आवरेना. "आणि आता स्वतःच गायब!"

बाईही हसल्या. "तुम्ही पाहिलं होतं का हो?" त्यांनी नावाड्याला विचारलं.

"पाहिलं? जन्मलोय मी तिथे. चौदा घरं होती. कलिंगडं लावायचो आम्ही."

बाईंचं हसू ओसरलं. 'बेटावर कायम वस्ती नाही,' असं एक वाक्य त्यांच्या प्रबंधात होतं, जुन्या सर्वेक्षणावरून लिहिलेलं. पुढे खटल्यात दोन्ही बाजूंच्या वकिलांनी ते उचललं. केवढा अभिमान वाटला होता तेव्हा!

"मी लिहिलं होतं," त्या अडखळल्या, "इथे कुणी राहत नाही म्हणून."

"तरीच!" नावाडी रागावला नाही. "घरं गेल्यावर जागा मागायला दोन्हीकडच्या कचेऱ्यांत गेलो. दोन्हीकडचे म्हणाले, कागदावर तुम्ही नाहीच."

नाव आपल्या तंद्रीत डोलत होती. मग बाईंनी पिशवीतून वही काढली.

"तुमचं घर कुठे होतं?"

"आता काय करायचंय, बाई?"

"खटला अजून चालू आहे. माझं वाक्य मला खोडता येईल."

नावाडी त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने वल्हं उचलून पाण्यावर धरलं. "हे आमचं. त्याला लागून आत्याचं. तिकडे विहीर."

वाऱ्याने फडफडणारं पान लेकीने तळव्याने दाबून धरलं. बाई एकेक चौकोन काढत गेल्या, आणि नाव घराघरापुढे थांबत पुढे सरकत राहिली.