वगळलेला आवाज

मित्रांनो, तळहातावर मावणाऱ्या काळ्या डबीला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि इंडोनेशियातल्या सोलो शहरातल्या एका घरगुती स्टुडिओतली सगळी गाणी माझ्या पोटात आहेत. एकही हरवलेलं नाही.

माझा जन्म थायलंडच्या कारखान्यातला. तिथून मी पाक दार्सोनोंच्या, म्हणजे दार्सोनोकाकांच्या, टेबलावर आले. ते क्रोंचोंग या तिथल्या जुन्या लोकप्रिय संगीतातल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण करत. कामाला बसले की आधी कालच्या फायलीला नवा क्रमांक देऊन जतन करायचे आणि मग त्या नव्या आवृत्तीवरच हात चालवायचे. संध्याकाळी अख्खा फोल्डर माझ्यात उतरवायचे. कारण गाण्याच्या फायलीत आवाज नसतोच. कोणता आवाज कुठे वाजवायचा, एवढंच तिच्यात असतं. खरे आवाज शेजारी वेगळे ठेवलेले असतात.

त्यांचा सहकारी मास गोंडो, म्हणजे गोंडोदादा, याला ही शिस्त पटत नसे.

"पाक, तुमच्या फायली सशांसारखी पिल्लं घालतात!"

"घालू देत. तुझ्या घरी जेवायला येत नाहीत ना? आणि तुझ्या फायलींवरचं ते 'अंतिम', 'खरोखर अंतिम', 'आता बास अंतिम' काय आहे?"

दोघंही हसायचे. मी भरत जायचे.

मागच्या वर्षी पाक दार्सोनो गेले. मला कुणीतरी खणात टाकलं, लवंगी सिगारेटच्या रिकाम्या पाकिटाशेजारी. तिथे फार शांतता होती.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यांची मुलगी किनांती स्टुडिओत आली. "मास गोंडो, बापांनी इबूसाठी गाणं म्हटलं होतं ना? तिला ते उद्या ऐकायचंय. त्यांचा आवाज दुसऱ्या कशातच नाही." इबू म्हणजे तिची आई.

गाणं होतं, पण शेवटच्या आवृत्तीत एक व्यावसायिक गायक गात होता. स्वतःचं गाणं न आवडल्याने पाक दार्सोनोंनी आपला आवाज वगळला होता. मास गोंडोने संगणकावरची जुनी आवृत्ती उघडली. बासरी वाजली, चेलो वाजला. आवाजाची जागा मात्र रिकामी. फाइल सापडत नाही, एवढंच पडद्यावर आलं.

मास गोंडोचा चेहरा उतरला. "जागा कमी पडत होती म्हणून मी संगणकाला न वापरलेले आवाज पुसायला सांगितलं. त्याने फक्त शेवटची आवृत्ती पाहिली. तिच्यात पाक नव्हतेच."

किनांती पडद्यावरच्या रिकाम्या रेघेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बापा रोज संध्याकाळी एक डबी जोडायचे. ती कुठे आहे?"

खण उघडला. मला जोडलं. मित्रांनो, मला मुळीच धास्ती नव्हती. माझी चकती फिरली आणि मी जुनी आवृत्ती तिच्या साऱ्या आवाजांसह पुढे केली.

पाक दार्सोनो गाऊ लागले.

स्वयंपाकघरात तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळणाऱ्या इबू हातात झारा घेऊनच दारात आल्या. कडव्याच्या शेवटी त्या म्हणाल्या, "बघ, वरच्या सुरात घसरलेच. तेव्हाही सांगितलं होतं, खालच्या पट्टीत गा. ऐकतील तर शपथ."

"इबू, एका मिनिटात सरळ करून देतो," मास गोंडो म्हणाला.

"हात लावून तर बघ!" इबूंनी झारा उगारला. मग खुर्ची ओढून बसल्या. "परत लाव."

मित्रांनो, मोठी माणसंही शेवटच्या आवृत्तीलाच खरी समजतात. तुम्ही तसं करू नका. काम बदलण्याआधी त्याला नवं नाव द्या, जुनं राहू द्या, आणि ठेवाल ते त्याच्या आवाजांसकट ठेवा. कुणाला त्यातलं काय हवं असेल, हे आज कळत नाही.

आणि माझ्या एकटीवर विसंबू नका. माझी चकती आता कुरकुरते, एक दिवस ती थांबेल. किनांतीने काल माझ्याशेजारी एक नवी डिस्क जोडली. मी तिला सगळं देते आहे, तो घसरलेला सूरसुद्धा, जसाच्या तसा.