कठपुतळीचं बोट

त्या हळदीकुंकवाचा विषय निघाला की गजाननराव आजही काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जातात. शरम अजून जिरलेली नाही, आणि ती जिरावी असं त्यांना स्वतःलाही वाटत नाही.

सगळं सुरू झालं ते एका विनोदी इंग्रजी सिनेमाने. पडद्यावर घड्याळाचा गजर वाजला, त्याने गोळी घरंगळली, गोळीने काठी पाडली, काठीने किटली कलंडवली आणि अंथरुणात पडल्या पडल्या माणसाला चहा मिळाला! झालं. विमा कचेरीत दिवसभर फायली ढकलणारे गजाननराव दुसऱ्या दिवशी सकाळी तिलक नगरातल्या घरात फळ्या ठोकायला बसले.

साल एकोणसाठ, महिना चैत्र. त्यांची बायको रत्नप्रभा चैत्रगौरीचं हळदीकुंकू करणार होती. जयपुरातल्या झाडून साऱ्या मराठी बायका यायच्या होत्या. "यंदा कुंकू माझं यंत्र लावणार," गजाननरावांनी जाहीर करून टाकलं.

बाई पाटावर बसली की पाट बोटभर खाली जायचा आणि दोरी सुटायची. काचेची गोळी पन्हळीतून घरंगळत यायची, सोंगट्यांची रांग एकामागून एक कोसळायची आणि शेवटची सोंगटी गुलाबदाणीला धक्का द्यायची. गुलाबपाण्याच्या भाराने एक वाटी खाली गेली की टांगलेली कठपुतळी पुढे झुकायची. तिचं बोट ओल्या कुंकवात बुडवलेलं. ते बाईच्या कपाळावर टेकायचं.

पंधरा दिवस तालमी चालल्या. तालमीला पाटावर बसायची मालनताई, गजाननरावांची थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले, तेव्हा साताऱ्याला सासरच्यांनी तिला माजघराचा कोपरा दाखवला होता. गजाननराव स्वतः जाऊन तिला घेऊन आले. "माझ्या घरात तुला कुणी कोपऱ्यात बसवणार नाही," असा शब्द त्यांनी दिला होता आणि त्या शब्दाचा त्यांना भारी अभिमान होता. तालमीला कठपुतळीचं बोट साध्या पाण्यात बुडवत. ते कपाळाला लागलं की ताई डोळे मिटून घ्यायची. गजाननरावांचं लक्ष दोरीकडे असायचं.

हळदीकुंकवाच्या दिवशी ताई स्वयंपाकघरात पन्हं गाळत होती. तिथे बस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, एवढंच. गजाननराव पडद्याआड उभे. पहिला मान कचेरीतल्या साहेबांच्या पत्नी इंदुबाईंचा. त्या बसल्या, गोळी निघाली आणि पन्हळीत अडकली. दुसऱ्या खेपेला अडकली नाही, पण ताईच्या उंचीला बेतलेलं बोट उंचनिंच इंदुबाईंच्या थेट नाकाला लागलं. बायका खो खो हसल्या.

गजाननरावांचा पारा चढला. ते तरातरा बाहेर आले आणि तालमीच्या सवयीने ओरडले, "ताई, ये गं जरा! बस पाटावर. नीट चालतं ते दाखवू दे ह्यांना."

ताई हात पुसत आली. पाटाशी थबकून तिने भावाकडे पाहिलं. तो गोळी जागेवर ठेवण्यात गुंतला होता. ती बसली.

सोंगट्या पडू लागल्या तेव्हा कुठे गजाननरावांच्या ध्यानात आलं की आज बोटाला पाणी नाही, कुंकू आहे. हात आडवा घातला असता तरी भागलं असतं. पण पंधरा दिवसांत यंत्र इतकं सुरेख कधी चाललं नव्हतं. त्यांनी हात घातला नाही. गुलाबदाणी कलंडली, कठपुतळी झुकली आणि ताईच्या कपाळावर मधोमध लालभडक ठिपका उमटला.

कुणीच हसलं नाही. इंदुबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई!" रत्नप्रभा पुटपुटली. ताईचे डोळे मिटलेले होते आणि ओठांवर जरासं हसू होतं. गजाननरावांनी खिशातून रुमाल काढला, बहिणीची हनुवटी धरली आणि ते कुंकू खसाखसा पुसून टाकलं.

ताईने डोळे उघडले. ती आत गेली आणि तिने पन्ह्याचे पेले भरून पाठवले.

बायका गेल्यावर गजाननराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मान वर होईना. "ताई, चुकलं माझं. मी तुला बोलवायलाच नको होतं."

ताई पातेलं घासत होती. कपाळ अजून लालसर दिसत होतं.

"बोलावलंस त्याचं काही नाही रे, गजा," ती म्हणाली. "तेव्हा साताऱ्याला जावेने पुसलं होतं. पण तिने आधी विचारलं तरी होतं."