बर्फालाही, डांबरालाही

"हा आवाज करतो हं, आधीच सांगून ठेवतो," टायरवर बुक्की मारत लेरॉय म्हणाला. "डांबरावर पळवलास की वाटेल, गाडीत मधमाश्यांचं पोळं घेऊन बसलोय."

"वाटू दे," शेगडीजवळच्या खुर्चीतून माझी बायको एल्मी म्हणाली. "त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही. आणि उजवीकडं मीच बसते. आवाज झाला तर फुकट जाईल बिचारा."

लेरॉय मोठ्याने हसला. तो सगळ्यालाच मोठ्याने हसतो, पण त्या दिवशी जरा जास्तच हसला. एल्मीने माझा जाड कोट घातला होता. तिचा स्वतःचा कोट घरी खुंटीवर होता, पण त्याच्या बाहीत हात घालताना तिची पाठ कळवळत असे. माझ्या कोटात ती हरवून गेली होती. बाहेर फक्त चेहरा, आणि कॉफीचा पेला धरलेली बोटे.

ऑक्टोबर संपत आला होता. सरोवरावरून पहिला बर्फ एकदा येऊन वितळून गेला होता. हरणांची शिकार सुरू होण्याआधीच्या रविवारी आमच्याकडे घरोघर टायर बदलतात. उन्हाळ्याचे उतरवायचे, बर्फाचे चढवायचे, आणि एप्रिलमध्ये पुन्हा उलटे. माझ्या पिकअपचे बर्फाचे टायर घोटून गुळगुळीत झाले होते, म्हणून मी नवे चार घ्यायला आलो होतो. साधे काम. एल्मी म्हणाली, मीही येते. दुखण्यात घरी बसून कंटाळली असेल, असे मला वाटले.

दुकानात पाय टाकताच ती लेरॉयला म्हणाली होती, "बारमाही दाखव. बर्फालाही चालेल, डांबरालाही चालेल असा. एकदा चढवला की चढवला."

"बारमाही कशाला?" मी म्हणालो. "लेरॉय, तूच सांग हिला."

लेरॉयने डोके खाजवले. "हे बघ वहिनी, बर्फाचा टायर म्हणजे मऊ रबर. कितीही गोठू दे, तो लवतो, म्हणून धरतो. पण उन्हाळ्यात चालवला तर खोडरबरासारखा झिजतो. उन्हाळ्याचा टायर उलटा. थंडी पडली की दगड. बारमाही म्हणजे मधला."

"मधला म्हणजे दोन्हीकडं अर्धवट," मी म्हणालो.

"तुझ्यासारखा नाही रे. आता सुधारलेत." त्याने एक टायर माझ्यापुढे लोटत आणला. "बाजूला बघ. डोंगराचं चित्र, आणि डोंगरात बर्फाचं फूल. ते असलं तर बर्फात तपासून घेतलेला. नुसती अक्षरं छापलेले असतात, ते पुलापलीकडच्या दक्षिणवाल्यांना विकायचे. त्यांना बर्फ म्हणजे नाताळच्या कार्डावरचा."

"वाच बरं," एल्मी मला म्हणाली. "बघ, आहे का फूल."

मी गुडघ्यावर बसून पाहिले. अक्षरे मला एल्मीनेच शिकवली, तीही चाळिशी उलटल्यावर. त्याआधी मी जंगलात लाकूड तोडत होतो आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दुसऱ्यांच्या पोरांना जेवायला वाढून घरी यायची आणि मला पाटी देऊन बसवायची. फूल होते. मी ते तिला सांगितले नाही.

"मला बर्फाचेच हवेत," मी उठत म्हणालो. "चार. एप्रिलमध्ये उतरवू, उन्हाळ्याचे चढवू. आजवर केलं तसंच."

"कोण उतरवणार?"

"आपण."

तिने पेला शेगडीच्या कडेवर ठेवला. "आर्वो, मी विचारलं, कोण."

लेरॉयला एकाएकी मागच्या खोलीतले हवेचे यंत्र आठवले. तो आत गेला आणि उगाचच ते चालू करून बसला.

खरे सांगायचे तर टायर बदलणे हे एका माणसाचे काम आहे. जॅक लावायचा, नट सोडवायचे, चाक काढायचे, दुसरे बसवायचे, नट आवळायचे. पण लग्नानंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरात एल्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि बादली पालथी घालून माझ्या मागे बसली. म्हणाली, मी नट सांभाळते, तू हरवशील. तेव्हापासून ते काम दोघांचे झाले. मी सोडवलेला प्रत्येक नट ती घ्यायची आणि लोकरी हातमोज्याच्या आत, तळहाताशी ठेवायची. चाक बसवून झाले की मी मागे न बघता हात करायचा. हातात नट पडायचा. गरम. बाहेर नाकातला श्वास गोठत असताना तो लोखंडाचा तुकडा उकडलेल्या बटाट्यासारखा गरम लागायचा. काम झाले की आत जाऊन कॉफी आणि तिचा वेलदोड्याचा पाव. पोरबाळ झाले नाही आम्हाला. नोव्हेंबर आणि एप्रिल, हेच आमचे सण.

म्हणून मला दोन सेट हवे होते. बर्फाचे टायर चढवले की एप्रिलमध्ये ते उतरवावेच लागतात. म्हणजे एप्रिल येणार. म्हणजे बादलीवर कुणीतरी बसणार.

हे मी बोललो नाही. आमच्यात असले बोलत नाहीत. पण तिने ते ऐकले असावे, कारण ती हळूच म्हणाली, "माझ्या पाठीत काय बसलंय ते डॉक्टरनं तुझ्यासमोरच सांगितलंय ना? मग आता तू थंडीत एकटा त्या चाकापुढं बसणार नाहीस. मला ते चित्र नको डोळ्यासमोर. बास."

जरा वेळाने आतल्या यंत्राचा आवाज थांबला आणि लेरॉयने दारातून डोके काढले.

"झालं का भांडण?"

"झालं," एल्मी म्हणाली. "मी जिंकले. फूलवालाच दे."

"त्यात दोन येतात. एक हलका, मऊ. गाडी बोटीसारखी चालते. दुसरा दहा प्लायचा, म्हणजे दहा थरांचा. तो कडक. रिकाम्या गाडीत खड्डान् खड्डा मोजून देतो."

"मऊ," मी लगेच म्हणालो.

दर आठवड्याला तिला मोठ्या इस्पितळात न्यावे लागत होते. त्या रस्त्याच्या सांध्यासांध्यावर ती ओठ दाबून धरायची आणि मला कळू नये म्हणून खिडकीबाहेर बघायची.

"आमच्या वाटेवरच्या टॅमरॅकच्या चढणीला कुठला बरा?" तिने लेरॉयला विचारले.

त्याने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "चढण दोन्ही चढतील. पण तिथं बर्फाखाली धारदार दगड आहेत. मऊवाल्याची बगल फाटू शकते. आणि तिथं फाटला तर फोनही लागत नाही. कडकवाल्याची नाही फाटत."

"आणि टिकतो किती?"

"आर्वोच्या चालवण्यानं? ह्याच्यानंतरही उरेल तो."

"मग तोच."

"एल्मी, तुझी पाठ..."

"पाठ माझी आहे. टायर तुझे आहेत." ती खुर्चीचे हात धरून उठायला लागली. मी पुढे झालो तर तिने मान हलवली आणि एकटीच उठली, वेळ लागला तरी. "मला त्यात बसायचंय किती? तुला बसायचंय."

लेरॉयने चारही टायर स्वतः चढवले. मला हात लावू दिला नाही. त्याच्याकडे नट आवळायला हवेचा पाना आहे, एका दमात कर्कश ओरडतो आणि काम संपते. एल्मी काचेतून बघत होती.

"केवढी घाई," ती म्हणाली.

पहिल्याच फेरीला कळले. टायर खरेच कडक होते. पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली आणि तिच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. तिने लगेच खोकल्याचे निमित्त केले. "बघ, काय पकड आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना मी बाहेर गेलो आणि चारही टायरमधली थोडी थोडी हवा सोडली. मागे वाळूची पोती जास्तीची टाकली. बर्फात गाडीचे ढुंगण घसरू नये म्हणून सगळेच टाकतात, मी दुप्पट टाकली. वजन पडले, हवा कमी झाली, टायर जरा बसले आणि जरा लवायला लागले. पुढच्या फेरीला पुलाचा सांधा आला तेव्हा मी श्वास धरून बसलो. तिने ओठ दाबले नाहीत.

काही वेळाने म्हणाली, "यंदा रस्ता नीट केला वाटतं."

"हो," मी म्हणालो. "केला."

"बरं झालं."

आमच्या रस्त्यावर सरकारने दोन वर्षांत खडीची पाटीसुद्धा टाकलेली नव्हती. आणि गाडी बदकासारखी मागे बसली होती, ते चढताना तिला दिसत नव्हते असे नाही. हिवाळाभर आम्ही त्या नीट केलेल्या रस्त्यावरून जात राहिलो.

एकदा लेरॉयने पेट्रोलपंपावर मला धरले. टायरला लाथ घालून म्हणाला, "अरे मूर्खा, हवा किती कमी आहे! कडा झिजतील. चांगला टायर मारशील."

"झिजू दे."

तो रागाने काही बोलणार होता. तेवढ्यात त्याला काचेआड एल्मी दिसली, माझ्या कोटात, डोळे मिटलेली. मग टायरवर हात ठेवून उगाच म्हणाला, "नाही, तशी बरी आहे हवा. चालेल."

जानेवारीत मोठे वादळ आले. टॅमरॅकच्या पायथ्याशी दोन गाड्या आडव्या पडल्या होत्या आणि लाकडाचा एक ट्रक थांबून होता. मला परतायचे होते. एल्मी म्हणाली, "चढव." मी चढवली. मध्यावर मागचे चाक एकदा फिरले, मग त्याने काहीतरी धरले आणि आम्ही वर आलो. वर आल्यावर तिने काचेखालच्या फळीवर थोपटले, घोड्याच्या मानेवर थोपटावे तसे.

"आता मला काळजी नाही," ती म्हणाली.

पाठीच्या दुखण्याने तिला फेब्रुवारीपलीकडे जाऊ दिले नाही. घरीच गेली, सकाळी. मी चुलीत लाकडे घालत होतो. मी काहीतरी विचारले आणि उत्तर आले नाही. आधी वाटले, माझा तो उजवा कान तिच्याकडे असेल.

आमच्याकडे हिवाळ्यात गेलेल्याला थांबावे लागते. जमीन दगडासारखी गोठलेली असते, फावडे चालत नाही. स्मशानभूमीच्या फाटकाशी दगडी खोली आहे, तिथे शवपेटी ठेवतात, आणि मे महिन्यात जमीन उघडली की पुरतात. एल्मीची आईही अशीच थांबली होती. एल्मी चेष्टेने म्हणायची, "आमच्या घरात कुणाला वेळेवर निघता येत नाही." चर्चमध्ये प्रार्थना झाली, लोकांनी मटणबटाटा भरलेल्या करंजीसारख्या पेस्ट्या आणल्या, खाल्ल्या, गेले. लेरॉय जाताना म्हणाला, "टायरचं काही लागलं तर सांग."

मग एप्रिल आला. छपरावरून पाणी ठिबकू लागले, रस्त्याचे डांबर काळे दिसू लागले. रविवारी सकाळी मी कॉफी घेऊन पायरीवर बसलो, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी नट सैल केल्याचे आवाज येत होते. पान्याचा करकर, मग ठण्. शेजारचा त्याच्या बायकोला ओरडत होता, "अगं, तिकडून धर, तिकडून!" उन्हाळ्याचे माझे चार टायर कोठीत टांगलेले होते. ते काढायचे कारण नव्हते. गाडीखाली जे होते ते बर्फालाही चालत होते आणि डांबरालाही. तिने त्यासाठीच घेतले होते. त्या रविवारी मला काही करावे लागू नये, म्हणून.

मी गाडीभोवती एक फेरी मारली. टायरच्या कडांवरून अंगठा फिरवला. मधली नक्षी नवी कोरी होती. दोन्ही कडा मात्र घासून जरा गोल झाल्या होत्या. लेरॉयने बरोबर सांगितले होते.

लेरॉय असेही म्हणतो, की बारमाही टायर अधूनमधून पुढचे मागे आणि मागचे पुढे करावेत, म्हणजे सारखे झिजतात. मी कोठीतून दोन्ही जॅक आणले. पाना आणला. बादलीही आणली आणि नेहमीच्या जागी पालथी घातली. जमीन ओली होती, मी गुडघ्याखाली पोते घेतले. नट सोडवले आणि एकेक करून बादलीवर ठेवले. पुढचे आणि मागचे चाक काढले, मागचे पुढे आणून बसवले, खांद्याने दाबून धरले.

आणि मागे न बघता हात केला.

किती वेळ केला होता, सांगता येणार नाही. शेजारच्याचे काम संपून तो आत गेला होता, त्यांचे दार लागल्याचा आवाज आला. मग मी वळलो आणि बादलीवरचा एक नट उचलला. गार होता. मी बाकीचेही गोळा केले, कोटाच्या आतल्या खिशात टाकले, वरून हात ठेवला आणि ते गरम होईपर्यंत थांबून राहिलो.