दोन डोंग्यांचं जहाज

सावली गावच्या राइस मिलमधला मुकादम सोमाजी जगात आला तेव्हा जग आधीच बनून तयार होतं, आणि ते दुसऱ्याच कोणाच्या तरी मापानं बनलेलं होतं. एसटीच्या बाकावर बसला की त्याचे गुडघे हनुवटीला टेकत. न्हाव्याच्या खुर्चीत एकदा बसला, तो खुर्ची घेऊनच उठला. लग्नाच्या पंगतीत तो खाली बसू लागला की दोन्हीकडची माणसं आपापली पत्रावळ उचलून मुकाट्यानं सरकत. चंद्रपूरला सिनेमा पाहायला गेला, तर मागून "अहो, खाली बसा ना!" असा आरडाओरडा व्हायचा, आणि हा बसलेलाच असायचा. कपाळावर मधोमध एक टेंगूळ होतं. गावातल्या एकूण एक चौकटीशी त्या टेंगळाची ओळख झालेली होती. त्यामुळे दार दिसलं की सोमाजी आधी वाकायचा. कधी कधी दार नसलं तरी वाकायचा.

नदीवर तर विचारूच नका. झाडाचं खोड कोरून केलेला वैनगंगेवरचा डोंगा म्हणजे चार सडपातळ माणसांची सोय. सोमाजी काठावर दिसला की डोंगेवाले आभाळाकडे पाहू लागत. घेतलाच एखाद्यानं, तर धानाच्या पोत्यासारखा अगदी मधोमध ठेवी आणि बजावी, "हालू नका भाऊ. खोकला आला तं आधी सांगा." पैलतीर येईपर्यंत सोमाजी श्वाससुद्धा विचारून घ्यायचा.

या सगळ्याची त्याला सवय झाली होती. माणूस आपल्या देहाशी कधी ना कधी समेट करतोच. पण त्याची मुलगी कांता बापावर गेली, आणि तो समेट मोडला.

कांता शिकलेली, बालवाडीत शिकवणारी, हसतमुख पोरगी. पाहुणे पाहायला आले की चहा घेऊन येई आणि बसे, तोवर सगळं झकास चाले. मग कोणीतरी म्हणे, "बाई, जरा उभी राहून दाखव." कांता उभी राहू लागे, आणि पाहुण्यांच्या माना वर वर जात. शेवटच्या स्थळाची आत्या तर तोंडावर म्हणाली, "पोरगी लाखाची हाय, पण आमच्या पोराले तिच्यासंगं बोलाले पाट लागन." कांता स्वतःच हसली. सोमाजी मात्र उठून गोठ्यात जाऊन बसला. ही उंची आपण दिली, दुसरं काही देण्याजोगं नव्हतं म्हणून दिली असावी, असं त्याला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

त्यानंतर सोयरिकी जुळवणाऱ्या हरिदासनं नदीपलीकडचं एक स्थळ आणलं. मार्कंड्याजवळच्या गावातले रामाजी, त्यांचा मुलगा शालिक सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. माणसं चांगली, आपल्यासारखीच बौद्ध, आणि मुलगी मागायला त्यांनी आपणहून माणूस धाडलेला. आधी मुलीच्या बापानं घर पाहून यावं, मग ते मुलगी पाहायला येतील, असं ठरलं. मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरली होती. देवाला जाणारे देवाला जात, बाकीचे जिलबी आणि तवे-कढयांसाठी जात, आणि डोंगे दिवसभर चालत. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्यामुळे नदी ओलांडली की जिल्हा बदले. लोकांना त्याचंही अप्रूप होतं.

निघताना सोमाजीच्या बायकोनं, केसरबाईनं, त्याला दारातच अडवलं.

"ऐका. बापाले पाह्यलं का पोरगी कशी असन ते लोकं बरोबर समजतेत. तुमी तिथी उभे राहूच नका. बसून बोला, बसून जेवा, बसूनच परत या."

"अन् चालू कसा?"

"ते तुमचं तुमी पाहा. एकडाव साक्षगंध होऊन सोयरीक पक्की होऊ द्या, मंग ताडासारखे उभे राहा."

आतून कांता म्हणाली, "बाबा, काऊन लपवून राह्यले? मले का खिशात ठेवान?"

पण ही सोयरीक मोडली तर पुढचं स्थळ कुठून आणायचं, हे ना केसरबाईला ठाऊक होतं ना सोमाजीला. म्हणून सोमाजीनं मान डोलावली आणि चौकटीवर डोकं आपटून तो बाहेर पडला.

बैलगाडीनं तो हरिदासबरोबर घाटावर आला, आणि गाडीतून घसरत जो वाळूत बसला तो बसलाच. तेवढ्यात घाटावरच्या गर्दीत एकच कल्ला झाला. "जहाज आलं! जहाज आलं!"

पलीकडून खरोखरच काहीतरी येत होतं. दोन डोंगे एकमेकांना बांबूनं बांधलेले, त्यांच्यावर आडवी टाकलेली एक लांबच लांब खाट, खाटेवर गादी, गादीवर तक्क्या, आणि वर उन्हासाठी काळी छत्री उघडून बांधलेली. कोलू नावाचा डोंगेवाला बांबूनं नदी रेटत होता आणि पुढच्या टोकाला स्वतः रामाजी उभे होते, धुतलेलं धोतर नेसून. मागे शालिक, मध्यम उंचीचा, शांत चेहऱ्याचा मुलगा. पाहुण्याच्या सोयीसाठी रामाजींनी जहाज बांधून आणलं होतं. जत्रेला निघालेली माणसं जत्रा विसरून तेच पाहत राहिली.

"जयभीम, भाऊ!" रामाजी हात पसरून पुढे आले.

"जयभीम," सोमाजी वाळूतूनच म्हणाला.

रामाजींचे हात हवेतच राहिले. घरचा माणूस स्वतः न्यायला येतो आणि पाहुणा उठतही नाही, हे आमच्याकडे शिवी दिल्यासारखंच. हरिदासला घाम फुटला आणि तोंडाला येईल ते तो बोलून गेला.

"पायाले तरास हाय त्यायच्या. उभं राह्यनं होत नाई."

"अगा बापा!" रामाजी हळहळले. "मंग चालाचं नाव घेऊ नका. आमी उचलतो."

सोमाजी नको नको म्हणत राहिला. गर्दीतले चार धट्टेकट्टे गडी पुढे आले आणि त्याला उचलू लागले. एक जण कण्हत म्हणाला, "भाऊ, तुमाले तोलून आणलं का न तोलताच?" पोरंसोरं टाळ्या पिटू लागली. राइस मिलची पोती एका हातानं फिरवणारा सोमाजी दुसऱ्यांच्या खांद्यावर डोळे मिटून पडला होता. लाजेनं त्याचे कान तापले होते.

पण खाटेवर ठेवल्यावर त्यानं पाय पसरले आणि त्याला एक विलक्षण गोष्ट कळली. त्याचे पाय संपले, तरी खाट उरली होती. आजवर खाट नेहमी आधी संपायची. तक्क्या पाठीला लागला होता, गुडघे सरळ होते, वर सावली होती, आणि "हालू नका" असं कोणीही म्हणत नव्हतं. त्यानं हळूच अंग हलवून पाहिलं. जहाज डुललं नाही. ही खाट कोणाच्या मापानं केली असेल, असा विचार मनात आला, पण सुख इतकं होतं की त्यानं तो विचार पुढे नेला नाही. जगात आपल्याएवढी जागा कोणीतरी केली, एवढ्याच आनंदात त्यानं पाय आणखी पसरले.

रामाजींची नजर मात्र त्याच्या पायांवर होती. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कवापासून हाय पायाचं?"

सोमाजीला खोटं बोलायची सवय नव्हती. अशी माणसं खोटं बोलायला लागली की हात आखडत नाहीत.

"लय दिवसापासून."

"वडिलायलेबी होतं का?"

"होतं नं. आमच्या घराण्यातच हाय."

रामाजींनी शालिककडे पाहिलं. मग जरा चाचरत विचारलं, "अन्... कांताले?"

सोमाजीला वाटलं, पोरगी उभी राहते हेच जितकं कमी सांगू तितकं बरं. तो म्हणाला, "तीबी जास्त उभी नाई राह्यत. बसूनच राह्यते."

हरिदासनं त्याला मागून असा चिमटा काढला की छत्री हलली. रामाजींचा चेहरा पडला. शालिक पाण्याकडे पाहू लागला. रामाजी त्याच्या कानाशी पुटपुटले, "आता तुह्या मायले का सांगाचं?" ते सोमाजीला ऐकू आलं.  देह पाहूनच माणसं मागे सरली, असं तो समजला. बसूनही काही लपलं नव्हतं.

नदीच्या मध्यावर जहाज थांबलं. शिशिरातली वैनगंगा ती, एका हाताला डोह तर दुसऱ्या हाताला वाळू. कोलूनं बांबू टाकून पाहिला आणि म्हणाला, "रुतलं. सारे उतरा, ढकला लागते."

रामाजी, शालिक, हरिदास गुडघाभर पाण्यात उतरले. सोमाजी चुळबुळला, पण रामाजींनी हातानंच थांबवलं. "तुमी नाई. पाहुण्याले पाण्यात उतरवाचं नाई." मन कितीही पडलेलं असो, पाहुणचार म्हणजे पाहुणचार. तिघांनी खांदा लावला. जहाज हललं, तिरपं झालं, आणि पुन्हा वाळूत बसलं. ते बसलं रामाजींच्या पायावर.

रामाजी ओरडले आणि मागे पडले. पाणी छातीपर्यंत आलं. शालिक आणि कोलूनं डोंगा उचलायचा जोर केला, डोंगा तसूभर हलेना. हलणार कसा? वर सोमाजी बसला होता.

सोमाजीला ना केसरबाई आठवली ना साक्षगंध. त्यानं खाटेवरून सरळ पाण्यात उडी टाकली, तेवढ्यानंच डोंगा वर आला. मग त्यानं वाकून दोन्ही हातांनी त्याचा काठ धरला आणि धानाचं पोतं उचलावं तसा तो उचलून धरला. रामाजींनी पाय बाहेर ओढला. खरचटलं होतं, बाकी धड होतं.

मग सोमाजीनं डोंगा खाली ठेवला आणि तो ताठ उभा राहिला. रामाजी पाण्यात बसल्या बसल्या वर पाहत होते. पाहता पाहता त्यांची टोपी मागे पडली.

"भाऊ," ते म्हणाले, "तुमचे पाय?"

"पायाले काई झालं नाई." सोमाजीनं हात जोडले. "खोटं बोललो मी. उंची लपवून राह्यलो होतो. पोरगीबी माह्यासारखीच उंच हाय. आता तुमाले जे करा लागते ते करा, पण माह्या पोरीत खोट नाई. खोट असन तं माह्यात हाय."

 रामाजी हसू लागले, इतके की नाकातोंडात पाणी गेलं आणि शालिकला त्यांची पाठ थोपटावी लागली.

"उंची? अरे, उंची तं आमाले माहीतच हाय! आमी समजलो, पोरीले उभंच राह्यता येत नाई!"

शालिक पहिल्यांदाच बोलला, तेही वाळूकडे पाहत. गेल्या जयंतीला तो सावलीला आला होता. मिरवणुकीत पताकांची दोरी तुटली, सगळे शिडी शोधत राहिले, आणि कांतानं हात वर करून ती बांधून टाकली. "तुमी तिच्या मांगंच उभे होते. घरी येऊन मीच मायले सांगतलं, पाठवा कोणाले तरी."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?" हरिदास उखडला.

"तुमाले सांगतलं असतं, तं साऱ्या नदीले समजलं असतं," रामाजी म्हणाले.

त्यांना चालवेना, म्हणून सोमाजीनं त्यांना उचलून खाटेवर ठेवलं, बाकीच्यांना डोंग्यांत बसवलं, दोरी खांद्यावर घेतली आणि जहाज ओढत काठाकडे निघाला. डोहाशी पाणी त्याच्या छातीला लागलं. इतरांना तिथे पोहावं लागलं असतं. काठावर रामाजींची बायको बायनाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पाहुण्याले खाटेवर आणाले पाठवलं," ती म्हणाली, "अन् तुमीच लोळत आले?"

घरी पोचल्यावर पाय धुवायला पाणी मिळालं. सोमाजी ओल्या कपड्यानिशी दाराशी आला आणि सवयीनं कमरेत वाकला. तसाच वाकलेला आत शिरला.

"काऊन वाकता, इवाई?" बायनाबाई म्हणाली.

इवाई. सोयरीक पक्की झाल्याशिवाय व्याह्याला या नावानं कोणी हाक मारत नाही. सोमाजी वाकलेलाच थबकला.

"वरतं पाहा जरा."

त्यानं घाबरत घाबरत मान वर केली. डोकं कुठेच लागलं नाही. चौकटीचं लाकूड नवं कोरं होतं, वरच्या भिंतीची माती अजून ओलसर होती, आणि त्याच्या टेंगळाच्या वर वीतभर जागा उरली होती.

"खाट केली त्याच वाढई-सुतारानं ही चौकटबी केली," बायनाबाई सांगत होती. "मीच म्हणलं, सुनेनं रोज डोकं आपटलं तं तिले हे घर आपलं कसं वाटन? अन् बाप येईनच भेटाले, तं त्याच्या मापानं करा."

 सोमाजी डोळे पुसत बाहेर गेला आणि ताठ मानेनं पुन्हा आत आला. मग पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत आला.

"इवाई," बायनाबाई ताटं मांडत म्हणाली, "आता जेवान, का येनंजानंच करान?"