चोविसावी सुई

“सुई सापडेपर्यंत कोणीही घरी जायचं नाही,” असं काहीतरी मुकादमबाई म्हणाल्या. मला त्यातले ‘सुई’ आणि ‘घर’ एवढे दोनच शब्द कळले. पण त्यांनी दाराला आतून कडी घातली, तेव्हा उरलेलंही समजलं.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर आमची शिवणखोली होती. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे डगले, सगळं तिथे दुरुस्तीला येई. एका टेबलावर दोघी, दोघींत मिळून सुया टोचायची लोकरीची एक छोटी गादी आणि तिच्यात चोवीस सुया. सकाळी मोजून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून द्यायच्या. चादरीत राहिलेली सुई आजारी माणसाच्या अंगात गेली तर काय होईल, ते समजायला भाषा लागत नाही. त्या संध्याकाळी आमच्या गादीत तेवीसच भरल्या.

आम्ही सहाजणींनी दिवसभराचं काम पुन्हा उलगडलं. चादर न् चादर खिडकीच्या उजेडात धरली, लादीवरून लोहचुंबक फिरवला. काही नाही.

मला त्या देशात येऊन चार महिने झाले होते आणि कामावर जेमतेम पाच आठवडे. हे वर्षभर आधी आले होते, पंपदुरुस्तीच्या कामावर. मागून मी आणि आमची नऊ वर्षांची लेक. कोणाची ओळख नव्हती, म्हणून कोणावरच विश्वास नव्हता. घराच्या दाराला मूळची एक कडी होती, ह्यांनी आणखी दोन ठोकल्या. तिघांचे पासपोर्ट तांदळाच्या डब्यात, पार तळाशी. जिन्यात कोणी हसलं की हे म्हणायचे, “आपल्यालाच हसतायत.” मलाही तसंच वाटायचं.

टेबलावर माझ्या समोर बसणारी बाई माझ्याहून थोडी मोठी होती. तिचं नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून घरी आम्ही तिला चष्मेवाली म्हणायचो. चष्म्याच्या वरून ती माझ्या हातांकडे बघत राहायची. माझी कात्री उचलायची, उलटीसुलटी करून पुन्हा ठेवायची. एकदा तर मी वळले तेव्हा ती माझ्या डब्याचं झाकण उघडून वास घेत होती.

“पाळत ठेवते ती माझ्यावर,” मी ह्यांना सांगितलं.

“ठेवू दे की. तू काय तिजोरी फोडतेस?” हे म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवसापासून मी कामावरून आले की माझी पिशवी ते स्वतः तपासायला लागले. कोणी भलतंसलतं काही घालून ठेवायला नको.

तर त्या संध्याकाळी मुकादमबाईंनी गादी आम्हा दोघींसमोर धरली आणि भुवया उंचावल्या. शेवटची सुई कोणाच्या हातात होती?

मी बोट दाखवलं. विचार करून नाही. पाच आठवडे मनात जे साठलं होतं, ते बोटात उतरलं.

चष्मेवालीने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. नुसतं बोटाकडे पाहिलं. तिची पिशवी टेबलावर उपडी केली. कंगवा, औषधाची बाटली, कागदात गुंडाळलेला अर्धा पाव. सुई निघाली नाही, तरी तिचा एप्रन काढून घेतला. चौकशी होईपर्यंत तिने यायचं नाही, हे मला त्यावरून कळलं. माझी पिशवी कोणी उघडली नाही. बोट दाखवणारीला कोण तपासतं?

घरी आले. कोट काढला तशी लेक धावत येऊन बिलगली आणि लगेच मागे सरली.

“आई, काहीतरी टोचलं.”

संध्याकाळी गार झालं म्हणून चढवलेल्या स्वेटरच्या आत, डाव्या बाजूला, ब्लाउजवर ती सुई खोचलेली होती. वीतभर पांढरा दोरा ओवलेला, तसाच.

आमच्या गावी मी बारा वर्षं शिवणाचा वर्ग चालवला. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीला एकच गोष्ट शिकवायची, सुई खाली ठेवायची नाही, छातीशी खोचायची, म्हणजे हरवत नाही. हात आपसूक तिथे जायचा. माझ्या हातात सुई असली की मी कोणत्या देशात आहे, याचा मला विसर पडायचा. तेवढा एकच वेळ माझा होता.

ह्यांनी सुई पाहिली आणि दार नीट लागलंय ना ते बघून आले.

“मोरीत सोडून दे. कोणी पाहिलेलं नाही.”

“मी पाहिलंय,” लेक म्हणाली.

“तू गप्प बस. शहाणपणा शाळेत दाखव.”

“शाळेत दाखवतेच, बाबा. घरी तुमची पत्रं पण मीच वाचते.”

एरवी हे हसले असते. “अगं, इथे राहायचा परवाना पक्का व्हायला सहा महिने राहिलेत,” ते मला म्हणाले. “चोर ठरलीस तर तिघांची बोचकी बांधतील. त्या बाईचं काय, ती इथलीच आहे. तिला दुसरं काम मिळेल.”

“आणि नाही मिळालं तर?”

ह्यांनी फळीवरचा रेडिओ खाली उतरवला. मी भाजी चिरायला घेतली, पण विळी तशीच राहिली. शेवटी लेकीला विचारलं, “चूक माझी आहे, तिची नाही, हे इथल्या भाषेत कसं म्हणायचं गं?”

तिने शिकवलं. मी घोकत राहिले. हे पाठ फिरवून रेडिओची सुटी वायर जोडत बसले. सकाळी निघताना मात्र त्यांनी सुई माझ्या हातातून घेतली, कागदात दोनदा गुंडाळली आणि परत दिली.

“वाटेत टोचेल,” म्हणाले.

मुकादमबाईंनी माझं वाक्य ऐकून घेतलं. सुई कुठे होती, ते मी छातीवर हात ठेवून दाखवलं. त्यांनी दोरा काढला, सुई गादीत लावली, चोवीस मोजल्या. मग एक कागद लिहून माझ्या हाती दिला आणि मला घरी पाठवलं.

लेक शाळेतून येईपर्यंत तो कागद आम्ही दोघं आलटून पालटून बघत होतो.

“आई, नोकरी आहे,” तिने वाचून सांगितलं. “खाली, धुलाईखोलीत. पण तुझ्या हातात सुई द्यायची नाही, असं लिहिलंय.”

“किती दिवस?”

तिने कागद उलटून पाहिला. “तसं काही लिहिलं नाही.”

एकोणीस वर्षं मी धुलाईखोलीत काढली. धुऊन वाळवलेल्या चादरींतल्या फाटक्या वेगळ्या काढायच्या आणि सकाळी ढकलगाडीवर घालून तिसऱ्या मजल्यावर पोचवायच्या, हे आम्हा तिघीचौघींचं काम. चष्मेवाली आठवड्याभरात परत आली होती. गठ्ठे तीच ताब्यात घ्यायची. पहिल्या दिवशी मी तिलाही ते वाक्य म्हणून दाखवलं. तिने मान हलवली. मग माझा गठ्ठा सोडला, एकेक चादर टेबलावर पसरली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तळहात फिरवून पाहिली.

दुसऱ्या बायकांचे गठ्ठे ती तसेच आत ठेवायची. माझा मात्र रोज सोडायची, अगदी ती निवृत्त झाली त्या सकाळपर्यंत. तिचं होईपर्यंत मी गाडीची मूठ धरून उभी असे. घाई तिनेही कधी केली नाही आणि मीही नाही.