तासलेल्या नावांची फळी

मी एक जुना मिंबर आहे. तूतजार गावच्या जामा मशिदीत मेहराबीच्या कमानीच्या उजव्या हाताला उभा असलेला, अक्रोडाच्या लाकडाचा, पाच पायऱ्यांचा. शुक्रवारी दुपारी खतीब माझ्यावर चढतो, खुतबा, म्हणजे प्रवचन, देतो आणि लोक खाली बसून ऐकतात. काम एवढेच. पण मित्रांनो, एवढ्याशा कामात माझी जी परवड झाली ती ऐकलीत तर तुम्हालाही चीड येईल. मला तर ती आजही येते.

मला उस्ताद शीरजाद यांनी घडवले. तेव्हा खुरासानावर सामानी अमिरांचे राज्य होते. डोंगरातून आणलेले खोड उस्तादांनी कित्येक हिवाळे छपराखाली वाळत ठेवले. गावाला घाई झाली होती, पण ते कोणाला दाद देत नसत. त्यांनी एकही खिळा न ठोकता फळीत फळी बसवली. बाजूंवर द्राक्षाची वेल कोरली आणि तिला डाळिंबे लावली. कोणी हसलेच तर ते शांतपणे म्हणत, "लाकडात काहीही पिकतं."

माझ्या सगळ्यात वरच्या पायरीखाली एक उभी फळी आहे. पायरीचा सारा भार तिच्यावर असतो. समोर बसलेल्यांच्या ती बरोबर नजरेत येते, म्हणून तेव्हाच्या रईसाने, म्हणजे गावच्या प्रमुखाने, तिच्यावर अमिराचे नाव कोरून घेतले. उस्तादांनी ते मोठ्या, डौलदार अक्षरांत कोरले. मग खाली कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत, "काम शीरजादचे" असे लिहिले. आयुष्यभराच्या मेहनतीनंतर त्यांनी स्वतःची हौस केली ती एवढीच.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. बायका मला अक्रोडाच्या तेलाने पुसत. नेशापूर या मोठ्या शहराकडे जाणारे वाटसरू मुद्दाम थांबून माझी डाळिंबे पाहत आणि उस्ताद दिसले की त्यांना दुवा देत. कौतुकाची मला सवय लागली होती.

पण मित्रांनो, आमच्याकडे एक रीत आहे. खुतब्याच्या शेवटी खतीब आधी बगदादच्या खलिफासाठी दुआ मागतो आणि मग राज्यकर्त्यासाठी. ज्याचे नाव घेतले त्याचे राज्य गावाने मानले, असा त्याचा अर्थ. नाव गाळले तर ते बंड ठरते. दुसऱ्याचेच घेतले तर काय होते, ते मी पाहिले आहे.

सामानी गेले आणि गझनीचे सुलतान आले. रईसाचा माणूस रंधा घेऊन आला आणि त्याने माझी फळी तासली. अमिराचे नाव भुग्यात पडले, आणि कोपऱ्यातले उस्तादांचे नावही. उस्ताद तोवर वारले होते. त्या अक्षरांनी कोणाचे काय वाकडे केले होते? पण त्या माणसाला सगळी फळी सारखी करायची होती, त्याने ती केली.

पुढच्याच शुक्रवारी म्हातारे खतीब खुतबा द्यायला चढले. जन्मभर एकाच घराण्यासाठी दुआ मागितलेली त्यांची जीभ सवयीने त्याच वाटेला गेली. त्यांनी सामानी अमिराचे नाव घेतले. गझनीच्या शिपायांनी त्यांना माझ्यावरून ओढून नेले आणि ते परत आले नाहीत. त्यांचा मुलगा हमशाद पहिल्या रांगेत बसला होता. बापाच्या जागी खतीब म्हणून त्यालाच नेमले गेले. एवढा सरळ आणि अबोल माणूस माझ्यावर दुसरा कोणी चढला नाही.

पुढे सल्जूक तुर्क आले. आले ते उंट-मेंढ्या घेऊन, आणि बघता बघता नेशापूरचे धनी झाले. माझी फळी पुन्हा तासली गेली, नवे नाव आले. मग गझनीचे सैन्य परतले आणि पुन्हा रंधा फिरला. ते हटले, हे आले, हे हटले, ते आले. प्रत्येकाला आधीच्याचा मागमूस नको असायचा, म्हणून रंधा दर वेळी अधिक खोल जायचा. राज्ये यांची बदलत होती आणि झीज माझी होत होती. मला विचारतो कोण?

एका उन्हाळ्यात तर कहर झाला. दोन्ही सैन्ये आमच्याच भागात फिरत होती आणि नेशापूर कोणाच्या हातात आहे ते कोणालाच सांगता येईना. शेजारच्या देहबाला गावाने सल्जुकांचे नाव घेतले, म्हणून गझनीच्या स्वारांनी ते गाव जाळले. पलीकडच्या एका गावाने गझनीचे घेतले, तर त्याची गत सल्जुकांनी तशीच केली. आता शुक्रवार आला होता आणि तूतजारची पाळी होती.

गुरुवारी दुपारी रईस बूतालिब आणि हमशाद माझ्यासमोर उभे होते. बूतालिब गोड बोलून हात झटकण्यात पटाईत.

हमशादने विचारले, "फळीवर तुम्ही कोणाचं नाव कोरायला सांगितलंत?"

"कोणाचंच नाही. तासून कोरी ठेवलीय."

"आणि मी काय म्हणू?"

"ते मी कसं सांगणार, ख्वाजा? फळी माझ्याकडे, जीभ तुमच्याकडे." एवढे बोलून बूतालिब निघून गेला.

मला त्याची शिसारी आली. नाव चुकले तर आधी हमशादची मान जाणार होती आणि मागोमाग गावाची घरे. हे त्या दोघांनाही ठाऊक होते.

हमशादची बायको मेहरक तेव्हा तेलाचा बोळा घेऊन माझ्या पायऱ्या पुसत होती. वरच्या फळीशी येताच तिचा हात थांबला.

"अहो, ही बघा, रोटीसारखी पातळ झालीय. बोट लावलं तरी दबते. उद्या वरच्या पायरीवर जपून पाय ठेवा."

हमशादने वाकून फळी चाचपली.

"आणि जोरात ठेवला तर?"

"तर ही मोडेल आणि तुम्हीही मोडाल."

"असं होय," तो म्हणाला. मेहरकने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि ती पुन्हा पुसू लागली.

शुक्रवारी मशीद भरली. शेवटच्या रांगेत धुळीने माखलेले काही स्वार मांडीवर तलवारी घेऊन बसले होते. निशाण नाही, ओळख नाही. हमशाद हातात काठी घेऊन चढला. वरच्या पायरीवर तो अगदी कडेला, फळीवर भार येणार नाही असा उभा राहिला आणि सारा खुतबा त्याने तसाच दिला. खलिफासाठी दुआ झाली. आता नाव. लोकांच्या माना खाली गेल्या. बूतालिब तर जमिनीवरची चटई मन लावून वाचत होता.

"आणि अल्लाह सलामत ठेवो..." हमशाद म्हणाला, आणि उजवा पाय उचलून पायरीच्या मधोमध त्याने सगळ्या ताकदीने आदळला.

मित्रांनो, त्याचा पाय घसरला नव्हता. पायरीला ते समजणार नाही तर कोणाला? फळी कडाडून मोडली, पायरी खचली आणि हमशाद गडगडत खाली आला. त्याच्या गुडघ्याचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. एकच गलका उडाला. दुसऱ्या कोणीतरी घाईने नमाज पढवली, आणि नाव राहिले ते राहिलेच. स्वार हसत उठले. एकाने जाता जाता टोमणा मारला, "तुमच्या गावात सुतार नाहीत का?"

ते गझनीचे होते, हे दुसऱ्या दिवशी कळले. आणि दुसऱ्या रांगेत बसलेला कापसाचा परका व्यापारी सल्जुकांचा हेर होता, हे त्याच्याही नंतर. दोघांनाही चुगली करायला काहीच मिळाले नाही. तूतजारच्या एकाही छपराला आग लागली नाही.

आता तुम्हाला वाटेल, माझा सत्कार झाला असेल. बूतालिबने चारचौघांत सांगितले, "लाकूडच किडकं होतं. शीरजादनं गावाला फसवलं." किडके? माझ्यात एक भोक दाखवा. मला किड्यांनी नाही, नावांनी खाल्ले होते! पण मला बोलता येत नाही, आणि ज्याला येत होते तो अंथरुणावर पडून गप्प होता. खरे बोलला असता तर त्याने मुद्दाम नाव टाळले हे उघड झाले असते. ज्या माणसाने माझ्यासाठी कित्येक हिवाळे वाट पाहिली, त्याला अख्खे गाव लबाड म्हणू लागले. मला मशिदीमागच्या कोठारात फाटक्या चटयांजवळ टाकले. उस्तादांच्या डाळिंबांवर कोंबड्या बसू लागल्या. तेव्हा माझा जो संताप झाला तो कोणाला सांगू?

यथावकाश सल्जुकांचे राज्य पक्के झाले. एके सकाळी कोठाराचे दार उघडले. लंगडत हमशाद आत आला, मागे मेहरक. त्याच्या काखेत अक्रोडाची एक जाड, वाळलेली फळी होती. त्याने कोंबड्या हाकलल्या, माझ्या खालच्या पायरीवर बसला आणि फळी उलटी करून तिच्यावर पटाशीने काहीतरी कोरू लागला. हात सुताराचा नव्हता, अक्षरे वाकडी येत होती. पण मी ती ओळखली. काम शीरजादचे.

मेहरक म्हणाली, "अहो, ही तर आतली बाजू. इथं कोण वाचणार?"

"कोणी वाचणार नाही, म्हणून कोणी तासणारही नाही," हमशाद म्हणाला. मग माझ्यावर हात ठेवून तो हळूच बोलला, "माझी मान वाचली आणि अब्रू उस्तादांची गेली. मला एवढंच करता येतंय."

फळी बसवून मला पुन्हा मेहराबीजवळ उभे केले. आठवडाही गेला नसेल, तोच बूतालिब आला. आता तोही म्हातारा झाला होता. नव्या फळीवरून हात फिरवून तो खूश झाला.

"वा, काय गुळगुळीत आहे. नाव ऐसपैस बसेल," तो म्हणाला, आणि त्याने कोरणाऱ्याला हाक मारली.

तेव्हापासून रंधा पुन्हा फिरतो आहे. कोणी येते, कोरते. कोणी येते, तासते. मित्रांनो, तुम्हाला थांबवता आले तर त्यांना थांबवा. नाही आले, तर निदान एवढे करा. एखाद्या जुन्या वस्तूवर कोणा राजाचे नाव दिसले की तेवढेच वाचून पुढे जाऊ नका. वाका, अंधारात हात घाला आणि आतली बाजू चाचपून पाहा. माझ्या आत उस्ताद शीरजाद अजून आहेत.