हात थांबवू नका

"भैया, हाथ मत रोकना. रुका, तो बच्ची गई. पहले अपनी साँस, फिर उसकी. समझे?"

उल्का सिस्टरने दीनानाथचा पंजा धरून रबरी पिशवी दाबून दाखवली. खाटेवरच्या रोलीची छाती इवलीशी वर आली. लखनौबाहेरच्या बख्शी का तालाब गावाकडच्या या शेतकऱ्याच्या मुलीचा ताप मेंदूत गेला होता आणि स्वतःचा श्वास थांबला होता. घशात नळी होती, पिशवी तिलाच जोडलेली. श्वासाचं यंत्र रिकामं नसलं की बापाचा हात, ही इथल्या इमर्जन्सीची रीत.

उल्का अकोल्याची. नवरा अमौसीला विमानतळावर नोकरीला, म्हणून लखनौ. जीभ तिखट. गोड बोलून पोरं जगत नाहीत, असं ती नव्या नर्सेसना बजावायची. घाबरलेला माणूस हात थांबवत नाही, हा तिचा अनुभव होता आणि तो खराही होता.

"डॉक्टर, व्हेंटिलेटर मिळेल का?" तिने खाटेपलीकडे विचारलं.

डॉक्टर विश्वजित हवाई दलातल्या मराठी माणसाचा मुलगा, वाढला लखनौतच. एरवी उल्काच्या मराठीला तो हिंदीतच उत्तर द्यायचा. वाईट बातमी मात्र दोघं मराठीतच बोलत, नातेवाइकांना कळू नये म्हणून.

"एकपण रिकामा नाही. आणि मिळाला तरी उशीर झालाय, सिस्टर."

दीनानाथ दोघांच्या तोंडाकडे पाहत पिशवी दाबत राहिला.

तेवढ्यात दारात झटके येणारं एक मूल आलं आणि उल्का तिकडे धावली. दुपार तिथेच गेली. परतली तेव्हा विश्वजित रोलीच्या डोळ्यांत टॉर्च मारत होता. त्याने छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं.

"गेली, सिस्टर."

इतकी वर्षं झाली, पण या वाक्याचं हिंदी करणं उल्काला अजून जमत नव्हतं.

"बस, भैया. अब छोड़ दो."

"नहीं दीदी! देखिए, साँस चल रही है."

"वो आपकी दी हुई है, भैया."

तो थांबेना. उल्काने त्याची बोटं एकेक करून सोडवली. रोलीची छाती खाली गेली ती पुन्हा वर आली नाही.

दीनानाथ आपल्या रिकाम्या हाताकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "हमको खाँसी आ गई थी, दीदी. तब हाथ रुक गया था. उसी से..."

"नहीं भैया! उससे कुछ नहीं हुआ. बीमारी ही ऐसी थी."

तिने हे पुन्हा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. त्याने मान हलवली, पण विश्वास ठेवला तो सकाळच्या उल्कावर. आपली जीभ हासडून टाकावी असं तिला वाटलं.

पण पिशवी रिकामी ठेवता येत नव्हती. झटके आलेल्या मुलाच्याही घशात आता नळी होती आणि त्याची आई हात पुढे करून उभी होती.

"हाथ मत..." उल्काची नजर दीनानाथकडे गेली. पोराचे ओठ निळे पडत होते. "हाथ मत रोकना, बहनजी."

दीनानाथने रोलीला गमछ्यात गुंडाळलं, खांद्यावर घेतलं. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. त्या बाईच्या घाईघाईने चाललेल्या हाताकडे त्याने क्षणभर पाहिलं.

"धीरे, बहिनी. पहिले अपनी साँस, फिर लल्ला की."

आणि वळता वळता म्हणाला, "खाँसी आवे, तो पहिले किसी और को पकड़ा देना."

मग रोलीचं डोकं खांद्यावर नीट टेकवून तो बाहेर पडला.